घरातला ताण, गोठ्यातला ताण

माणूस ताणाखाली असला की त्याच्या शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. नाडी जलद चालते, श्वास उथळ होतो, घाम सुटतो, आवाज चढतो किंवा बसतो, हाताची हालचाल तुटक होते. ताणाचे कारण पाळीव प्राण्याला कळत नाही. कर्जाचा हप्ता, मुलाची परीक्षा, घरातले आजारपण, बदली यांतले काहीच त्याच्या जगात नसते. शरीरातले हे बदल मात्र त्याला कळतात, आणि त्यांच्या पाठोपाठ घराची घडी विस्कटते तीही कळते. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या की उपाय सोपा होतो. घामाचा वास माणसाला थांबवता येत नाही; वैरणीची वेळ पाळता येते.

हे लिहिताना डोळ्यांसमोर आहे ते जोयडा तालुक्यातील रामनगर. ही काळी नदीवरील सुपा धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांच्या पुनर्वसनातून वाढलेली वस्ती आहे. बेळगाव-गोवा रस्त्यावरचे हे गाव असून भोवती जंगल आहे. परिसरात मराठी बोलणारे गवळी-धनगर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखत आले आहेत. त्यामुळे येथे पाळीव प्राण्यांचा विचार करताना उंबऱ्यावरचा कुत्रा, चुलीजवळचे मांजर आणि दावणीची म्हैस या तिघांचाही करावा लागतो. तिघांची माणूस वाचण्याची रीत वेगळी आहे आणि ताण दाखवण्याचीही.

प्राण्याला ताण कळतो कसा

पहिली वाट वासाची. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३६ जणांना मनातल्या मनात अवघड उलटी गणती करायला लावली आणि त्याआधीचे व नंतरचे घाम-श्वासाचे नमुने कापडावर घेतले. चार प्रशिक्षित कुत्र्यांनी ७२० पैकी ६७५ वेळा, म्हणजे जवळपास ९४ टक्के वेळा, ताणानंतरचा नमुना अचूक निवडला. नमुने अनोळखी माणसांचे होते. चेहरा नाही, आवाज नाही, केवळ वास. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०२४ मधील प्रयोगात १८ कुत्र्यांना हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला गेला. एका जागी ठेवलेल्या भांड्यात खाऊ असतो, दुसऱ्या जागचे रिकामे असते, हे कुत्र्यांना आधी शिकवले. मग मधल्या, शंकेच्या जागी भांडे ठेवले. ताणलेल्या माणसाचा वास आल्यावर कुत्रे रिकाम्या जागेजवळच्या भांड्याकडे जायला अधिक कचरले. माणसाच्या ताणाचा वास कुत्र्याला ओळखू येतो इतकेच नव्हे, त्या वासाने कुत्र्याचा स्वतःचा अंदाजही सावध होतो.

दुसरी वाट आवाजाची आणि चेहऱ्याची. कुत्रे माणसाचा रागावलेला आणि हसरा चेहरा वेगळा ओळखतात आणि चेहऱ्याचा भाव आवाजाशी जुळतो की नाही तेही पाहतात. हे फक्त घरात वाढलेल्या जातिवंत कुत्र्यांपुरते नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील संशोधकांना असे आढळले की रस्त्यावरची, कधीच न शिकवलेली कुत्रीही लांबून केलेल्या माणसाच्या हाताच्या खुणेमागे जातात. गावठी कुत्रा माणूस वाचण्यात कमी नसतो.

तिसरी वाट हाताची. दोर, साखळी, कासेवरची बोटे यांतून माणसाच्या स्नायूंचा ताठरपणा थेट पोचतो. स्वीडनमध्ये घोड्यांवर झालेल्या एका प्रयोगात घोडा धरून नेणाऱ्याला किंवा स्वाराला चौथ्या फेरीआधी सांगितले गेले की या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडली गेली नाही, तरी त्या फेरीत माणसाची नाडी वाढली आणि घोड्याचीही. घोड्याला छत्रीची काही कल्पना नव्हती. त्याला कळला तो लगाम धरलेला माणूस.

चौथी वाट दिनक्रमाची, आणि दीर्घकाळच्या ताणात हीच सर्वांत जड पडते. जनावर दिवस ओळखते ते कामांच्या क्रमाने: दार उघडणे, शेण काढणे, धार, वैरण, फिरणे, जेवण, कडी लावणे. घरात कोणी दवाखान्यात असेल तर हा क्रम मोडतो, परके हात येतात, रात्री दिवे जळत राहतात. माणसाचा ताण ओसरला तरी मोडलेला क्रम तसाच राहिला तर जनावर शांत होत नाही.

कुत्रा

कुत्रा माणसाच्या ताणाला दोन तऱ्हांनी उत्तर देतो. एक, तो जवळ येतो: पायाशी बसतो, हात चाटतो, मागे-मागे फिरतो. दुसरे, तो स्वतःच अस्वस्थ होतो. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३४ कुत्र्यांचे मालक पारदर्शक दारामागे बसून रडण्याचे नाटक करत किंवा गाणे गुणगुणत. दार उघडणाऱ्या कुत्र्यांनी रडणे ऐकून ते कितीतरी लवकर उघडले. रडणे ऐकूनही दार न उघडणाऱ्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली. म्हणजे जो कुत्रा माणसाच्या दुःखात लांब राहतो तो निर्विकार असतोच असे नाही; कधीकधी तो इतका भेदरलेला असतो की त्याला काही सुचत नाही. अशा कुत्र्याला ओढून जवळ आणू नये.

ताण दीर्घकाळ राहिला तर तो कुत्र्याच्या शरीरात साठतो का, याची तपासणी स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठात झाली. केसांतील कॉर्टिसॉलवरून गेल्या काही महिन्यांचा ताण मोजता येतो. २०१९ च्या या अभ्यासात ५८ कुत्री होती, सर्व मेंढपाळी जातींची. मालकाची आणि कुत्र्याची पातळी बरोबरीने वरखाली होत असल्याचे दिसले. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी प्राचीन जातींची आणि एकट्याने शिकार करणारी कुत्री तपासली तेव्हा असा मेळ आढळला नाही. माणसाच्या इशाऱ्यावर सतत काम करण्यासाठी घडवलेल्या जातींवर ताण अधिक उतरतो, असा त्याचा अर्थ निघतो. रामनगरमध्ये आवारात मोकळा वावरणारा गावठी कुत्रा आणि बेळगावहून आणलेला, दिवसभर माणसांतच असणारा लॅब्रॅडोर यांना एकच मोजपट्टी लावू नये.

कुत्र्याचा ताण पुढील खुणांवरून ओळखावा:

- झोप नसताना वारंवार जांभया, खाणे समोर नसताना ओठ चाटणे, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणे.
- उकाडा नसताना धाप, कान मागे, शेपूट पायांत.
- एकच पंजा सतत चाटणे, चप्पल-दोर कुरतडणे, अंगण उकरणे.
- अन्न सोडणे, पातळ शौच, रात्रीची येरझार.

गुरगुरणे हीदेखील ताणाचीच सूचना आहे. गुरगुरल्याबद्दल मारलेला कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावण्याचा धोका असतो.

मांजर

मांजर बेफिकीर असते हा समज अर्धाच खरा. मिलान येथील एका अभ्यासात २४ मांजरांसमोर फिती लावलेला विजेचा पंखा ठेवला. ७९ टक्के मांजरांनी पंख्याकडे आणि मालकाच्या चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहिले. अनोळखी वस्तूविषयी काय मत करावे, हे मांजरही माणसाकडे पाहून ठरवते. ते कुत्र्यासारखे धावून येत नाही, म्हणून त्याचे पाहणे लक्षात येत नाही.

३,००० हून अधिक मांजरपाळकांच्या २०१९ मधील एका पाहणीत चिंताळू स्वभावाच्या मालकांनी आपल्या मांजरांच्या वागण्याच्या व आरोग्याच्या तक्रारी अधिक सांगितल्या. याचा अर्थ जपून लावावा लागतो: चिंतेचा परिणाम मांजरावर झाला असेल, किंवा चिंताळू माणसाला तक्रार लवकर दिसत असेल.

मांजराचा जीव जागेत अडकलेला असतो. घरातील ताण त्याला बहुधा जागेच्या रूपाने कळतो: पाहुण्यांनी भरलेली खोली, हललेले कपाट, बंद झालेली माळ्याची वाट. ताणलेले मांजर लपते, कमी खाते, अंग चाटून-चाटून केस विरळ करते, नेहमीची जागा सोडून अंथरुणावर किंवा कोपऱ्यात लघवी करते. ही लघवी सूड म्हणून केलेली नसते. ताणामुळे मांजरांना मूत्राशयाचा दाह होतो, आणि लघवीला बसून कुंथणे हे त्याचे ठळक लक्षण आहे. बोक्याला लघवी अजिबात होत नसेल तर मूत्रमार्ग तुंबला असू शकतो. तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

म्हैस आणि गाय

माणसाचा ताण गोठ्यात थेट मोजता येतो, कारण तो बादलीत दिसतो. कासेला हात लागला, रेडकू ढुसण्या देऊ लागले की जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि कासेतल्या सूक्ष्म पिशव्या आकसून दूध खाली येते. हाच पान्हा. जनावर घाबरले की अ‍ॅड्रिनलिन वाढते आणि पान्हा अडतो. गवळी म्हणतात, म्हशीने दूध चोरले. प्रत्यक्षात ती काही राखून ठेवत नाही. तिला सोडताच येत नाही.

म्हशीत ही अडचण गाईपेक्षा मोठी असते. गाईच्या कासेतील सुमारे पाचवा हिस्सा दूध सडावरच्या पोकळीत आधीच उतरलेले असते. म्हशीत हा वाटा सुमारे ५ टक्केच असतो. बाकीचे सगळे पान्ह्यावर अवलंबून. म्हैस पान्हा सोडायलाही गाईपेक्षा अधिक वेळ घेते. घाईत, चिडून किंवा परक्या हाताने काढलेली धार म्हणूनच अर्धी येते.

गाईंवर १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. काही गाईंना एका माणसाने प्रेमाने आणि दुसऱ्याने कठोरपणे वागवले. नंतर धारेच्या वेळी तो कठोर माणूस नुसता जवळ उभा राहिला तरी कासेत मागे राहणारे दूध सुमारे ७० टक्क्यांनी वाढले. गुरे माणसामाणसांत फरक करतात आणि तो लक्षात ठेवतात. घरातल्या भांडणाचा राग एकदा गोठ्यात काढला तर त्याचा हिशेब पुढेही चालू राहतो.

गोठ्यातील ताणाची लक्षणे अशी: धारेच्या वेळी पाय बदलणे, लाथ झाडणे, वारंवार शेण टाकणे, शेपूट आपटणे, डोळे विस्फारणे, रवंथ कमी होणे. घरचे माणूस दूर असल्यास धारेची जबाबदारी एकाच पर्यायी माणसाकडे द्यावी आणि शक्य असेल तर नेहमीच्या माणसाने जाण्याआधी दोन-चार दिवस त्याला सोबत घेऊन बसावे. रेडकू आधी सोडावे, कास कोमट पाण्याने धुऊन हळू चोळावी, पुढ्यात आंबोण ठेवावे, नेहमीचीच हाक द्यावी. पान्हा यायला वेळ लागला तर थांबावे.

ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन हा यावरचा उपाय नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक ठरणारे कोणतेही द्रव्य टोचणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ नुसार गुन्हा आहे.

आधी आजार, मग ताण

वागणूक बदलली की घरातला ताण हे कारण सुचते, विशेषतः घरात खरोखर तसे काही चालू असेल तेव्हा. येथेच चूक होते. ताण हे निदान शेवटी करावे, आधी पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

जंगलालगत फिरणाऱ्या कुत्र्याला गोचिडांचा त्रास नेहमीचा. गोचिडांतून होणाऱ्या तापात कुत्रा मलूल होतो, खाणे सोडतो, हिरड्या फिक्या पडतात. मालक गावाला गेला म्हणून तो झुरतो आहे असे समजून आठवडा घालवला तर उपचाराला उशीर होतो. मांजराने पूर्ण दोन दिवस खाल्ले नाही तर कारण काहीही असो, त्याच्या यकृताला धोका असतो. म्हशीचे दूध अचानक घटले तर कासदाह, ताप आणि माज या तीन शक्यता पाहाव्यात. कास गरम, कडक किंवा दुखरी लागते का आणि दुधात गुठळ्या दिसतात का ते तपासावे.

शांत कुत्रा अकारण चावू लागला, लाळ गाळू लागला, त्याचा आवाज बदलला किंवा चाल लटपटू लागली तर रेबीजची शंका धरावी. त्याला हाताळू नये, मुलांना दूर ठेवावे. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद, चुना, तंबाखू लावू नये.

ताणाचे ठरावीक प्रसंग

*पावसाळा.* जून ते सप्टेंबर या भागात पाऊस धो-धो असतो. वीज जाते, कामे अडतात, माणसे घरात कोंडतात आणि जनावरे गोठ्यात. कुत्र्याचे फिरणे बंद होते. पाऊस उघडेल तेव्हा दहा मिनिटे तरी त्याला बाहेर न्यावे; उघडत नसेल तर पडवीत खाऊ लपवून शोधायला लावावे. हुंगण्याने कुत्र्याचे मन रमते. गोठ्यात जमीन कोरडी ठेवावी, कारण ओल्या जागी गुरे नीट बसत नाहीत, आणि न बसलेले जनावर रवंथही कमी करते.

*चतुर्थी आणि दिवाळी.* फटाके, पाहुणे, रात्रीची जागरणे एकाच वेळी येतात. कुत्र्याला आणि मांजराला घरातली सर्वांत आतली खोली अंधारी करून द्यावी. ओळखीचे पांघरूण आणि पाणी ठेवावे. घाबरलेल्या कुत्र्याजवळ शांत बसल्याने त्याची भीती वाढत नाही. फटाके सुरू होण्याआधी त्याला फिरवून आणावे. फटाके वाजत असताना साखळीने बांधून ठेवू नये, गळफास बसू शकतो.

*बिबट्याची चाहूल.* जंगलकाठच्या वस्तीत कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य असते. चाहूल लागली की माणसे जागी राहतात आणि कुत्रा रात्रभर भुंकतो. त्याला अंगणात बांधणे त्याच्यासाठी जीवघेणे ठरू शकते. रात्री कुत्रा दाराआड घ्यावा, गोठ्याचे दार लावावे, उष्टे-खरकटे अंगणात टाकू नये.

*माणूस परगावी जाणे.* कामासाठी गोव्याला किंवा बेळगावला गेलेल्या माणसाची वाट कुत्रा पाहतो. जेवण देणारा आणि फिरवणारा माणूस एकच ठरवावा, वेळा बदलू नयेत, गेलेल्याचा एखादा न धुतलेला कपडा त्याच्या झोपायच्या जागी ठेवावा.

*घर बदलणे.* कुत्रा माणसाबरोबर सावरतो, मांजराला जागा नव्याने शिकावी लागते, म्हशीला ओळखीच्या गुरांची सोबत लागते. मांजर नव्या घरात आधी एकाच खोलीत काही दिवस ठेवावे, मग हळूहळू दारे उघडावीत. पहिल्याच दिवशी सोडलेले मांजर जुन्या घराची वाट धरते. म्हशी शक्यतो जोडीने हलवाव्यात आणि दावणीचा पूर्वीचा क्रम ठेवावा.

रोजचे पथ्य

१. घरात काहीही घडो, तीन वेळा पक्क्या ठेवाव्यात: सकाळची धार किंवा फिरणे, संध्याकाळचे खाणे, रात्रीची कडी. बाकीचे मागेपुढे झाले तरी चालते.

२. जनावराजवळ जाण्यापूर्वी मिनिटभर थांबून चार-पाच लांब श्वास सोडावेत आणि हात सैल करावेत. वास बदलणार नाही. आवाज आणि हात बदलतील.

३. भांडण, फोनवरची वादावादी गोठ्यापासून आणि कुत्र्याच्या जागेपासून दूर करावी.

४. प्रत्येक प्राण्याला माघार घेण्याची एक जागा असावी. कुत्रा पलंगाखाली गेला, मांजर माळ्यावर चढले, तर मुलांनी त्याला काढू नये.

५. मन हलके करण्यासाठी प्राण्याला जवळ घ्यावे, पण त्याला उठून जाण्याची मुभा असावी. कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवल्याने दोघांनाही बरे वाटू शकते; घट्ट मिठी बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही.

६. माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. झोपेच्या गोळ्याही देऊ नयेत.

७. रोजच्या दुधाचे माप, खाण्याचे प्रमाण आणि शौच यांची साधी नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवावी. घरातले लक्ष उडालेले असताना ही नोंदच बदल आधी दाखवते.

मदत केव्हा घ्यावी

दिनक्रम पुन्हा बसवल्यावर पंधरवड्यात फरक दिसला नाही, प्राणी स्वतःला चावून किंवा चाटून जखम करू लागला, किंवा त्याने माणसावर दात विचकले, तर पशुवैद्याला दाखवावे. जातेवेळी नोंद असलेले कॅलेंडर सोबत न्यावे आणि घरात अलीकडे काय बदलले ते सांगावे. संकोचाने लपवल्यास निदान चुकते. जनावर हलवणे शक्य नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

प्राण्यातील बदल कधीकधी माणसाच्या अवस्थेकडे बोट दाखवतो. म्हशीची धार काढायला उठवत नाही, कुत्र्याच्या भुंकण्याने संताप अनावर होतो, जनावरावर हात उचलला जातो, झोप लागत नाही, अशी स्थिती दोन आठवडे राहिली तर उपचार माणसाने घ्यायचा असतो. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. या काळात जनावरांचे काम शेजाऱ्याकडे किंवा भावकीत सोपवावे. तेव्हा वैरण किती, हाक कोणती, आधी कोणाला सोडायचे आणि कोणत्या सडाला हात जपून लावायचा, एवढे कागदावर लिहून गोठ्याच्या दाराला लावले म्हणजे पुरते.